देव्हाऱ्यातला अंकुशी रुपया

भिंगारच्या सहादेव भापकराला जगात एकच शब्द मनापासून आवडायचा, आणि तो म्हणजे ‘रिजेक्ट’. लष्कराच्या डेपोत तो सिव्हिलियन स्टोअरकीपर होता. उभी नोकरी गेटवर आलेला माल तपासण्यात गेली. कंत्राटदारानं बटाट्याची गोणी उतरवली की हा वरच्या बटाट्यांकडे ढुंकूनही बघायचा नाही. बाही सारून हात थेट गोणीच्या बुडाशी घालायचा, तिथला सडका बटाटा वर काढायचा आणि कंत्राटदाराच्या नाकासमोर धरून म्हणायचा, "हा तुझ्या घरी शिजव. रिजेक्ट!" ज्या दिवशी सडका सापडायचा नाही, त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं नाही.

असला माणूस रिटायर झाल्यावर करणार काय? आधी त्यानं भाजीवाल्यांना छळलं. मग दूधवाल्याला इतकं पिडलं की तो बिचारा त्या गल्लीत यायचाच बंद झाला. बायको सविता देवाला हात जोडून म्हणायची, ह्यांना काहीतरी उद्योग लाव बाबा. देवानं ऐकलं. कुणीतरी सहादेवला मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. जुन्या चांदीच्या नाण्यांच्या लिलावाचा ग्रुप. विकणारा फोटो टाकायचा, खाली घेणारे बोली लावायचे, आणि जवळजवळ प्रत्येक फोटोखाली तीच कहाणी असायची: ‘आजोबांच्या पेटीत सापडलं.’

"अरे, आजोबा तरी किती रे तुम्हाला!" सहादेव मोबाईलवरच खेकसायचा. "आणि सगळ्या पेट्या बऱ्या लिलावाच्या टायमालाच उघडतात!"

खरं सांगायचं तर त्यानं हौसेनं घेतलेलं पहिलंच नाणं खोटं निघालं होतं. ते त्यानं कुलरच्या लंगड्या पायाखाली घातलं आणि मग इरेला पेटला. नगरच्या कापडबाजाराकडच्या एका सराफाच्या दुकानात जाऊन बसू लागला, पुस्तकं मागवली, सोनाराचं भिंग घेतलं, खिशात मावेल असा वजनकाटा घेतला, एक लोहचुंबक घेतलं. वर्षभरात त्याची नजर अशी तयार झाली की नुसत्या फोटोवरून तो सांगायचा, हे ठोकून पाडलेलं आणि हे साच्यात ओतलेलं. ओतलेल्या नाण्याची अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी मऊ पडतात. अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे राहतात. काठावर साच्याचा जोड घासून काढलेला असतो, तो लपत नाही. म्हणून सहादेव आधी काठाचा फोटो मागायचा. काठाचा फोटो मागितला की निम्मे आजोबा तिथंच पळून जायचे.

उरलेल्यांची तो अशी काही चामडी लोळवायचा की बघत राहावं. कुणी कंपनी सरकारच्या नावाचं राम-सीतेचं नाणं काढलं की हा लिहायचा, "गोरा साहेब रोज रामरक्षा म्हणून मग टांकसाळीत जायचा वाटतं?" कुणी तांदूळ ओढून घेणारं चमत्कारी नाणं आणलं की हा विचारायचा, "डाळ पण ओढतं का? कुकर लावायचाय." विकणारे चोर, हे तर झालंच. पण त्याचा खरा राग घेणाऱ्यांवर. बंगले बांधलेली, गाड्या फिरवणारी माणसं भंगाराच्या तुकड्यावर चढाओढीनं बोली लावतात! "ह्यांना देवानं डोळे दिले ते फक्त चष्मा अडकवायला," असं तो म्हणायचा आणि चहा मागवायचा. सविता चहा ठेवायची. डोकं निवायचं नाव नाही, पण निदान गल्लीतली माणसं सुटली, एवढंच तिला बरं वाटायचं.

ह्या सगळ्या तोऱ्याच्या मुळाशी एक वस्तू होती. भापकरांच्या देव्हाऱ्यातला अंकुशी रुपया. पेशवाईतला, चांदीचा, हातानं ठोकून पाडलेला. एका बाजूला हत्तीच्या माहुताचा असतो तसा अंकुश उमटलेला. काठ एका जागी फाटलेला आणि अंकुशाच्या शेजारी कुण्या जुन्या सराफानं चांदी पारखायला छिन्नीनं मारलेली टाच. सहादेवच्या पणज्यापासून तो देव्हाऱ्यात होता. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला चिंचेनं घासायचा, हळदीकुंकू वाहायचं आणि परत टाकांशेजारी ठेवायचा. घराण्याचा एक नियम होता: देवाचा रुपया तराजूत घालायचा नाही. वजन केलं म्हणजे विकायला काढला, असं जुनी माणसं मानायची. सहादेवही मानायचा. जगाची नाणी तोलणाऱ्या ह्या पठ्ठ्यानं घरचं नाणं कधी काट्यावर ठेवलं नव्हतं. गरजच काय? ते खरं होतं. खरं म्हणजे काय, हे तो त्या नाण्यावरूनच ठरवायचा.

गेल्या दोन-तीन दिवाळ्यांना घासताना सविता म्हणाली होती, "अहो, हा जरा पिवळट दिसायलाय."

"हळदीनं," सहादेव म्हणाला होता. "तू पितळीची भांडी घास. चांदीतलं तुला काय कळतंय?"

सहादेवला एक धाकटी बहीण, गोजरबाई. काष्टीला दिलेली. नवरा लवकर गेला, पण बाई खमकी. चार म्हशींवर घर चालवलं, एकुलत्या एका लेकीला, रुपालीला, शिकवलं. रुपालीच्या बारशाला आईनं सहादेवकडे शब्द टाकला होता, "तो अंकुशी रुपया नातीच्या गळ्यात घालू का?" सहादेव उसळला होता. देव्हाऱ्यातली लक्ष्मी उंबऱ्याबाहेर जात नसते, लेकीच्या घरी तर मुळीच नाही, असं त्यानं चारचौघांत सुनावलं होतं. आई गप्प बसली. गोजरबाईही गप्प बसली. पुढं आई वारली, आणि भाऊबीज हळूहळू नुसत्या फोनवर आली.

यंदा रुपालीचं लग्न पारनेरकडच्या एका घरात ठरलं. गोजरबाईनं जुना अपमान पोटात घालून भावाला फोन केला. "दादा, पोरगी मांडवात उभी राहील तवा मागं मामा लागतो. तू यायचं." सहादेव "बघू" म्हणाला. त्याच्या भाषेत ते होकारच होतं. सवितानं लगेच रुपालीसाठी साडी आणली.

आणि मग तो फोटो आला.

सहादेव दुपारचा पलंगावर पडून ग्रुप चाळत होता. ‘अंकुशी रुपया, आजीचा. लिलावासाठी.’ म्हटलं बघू, ही कुठली आजी. फोटो मोठा केला आणि ताडकन उठून बसला. तोच फाटका काठ. तोच अंकुश. अंकुशाशेजारी तीच टाच. खाली नाव रुपालीचं, गाव काष्टी.

तो देव्हाऱ्यापाशी गेला. रुपया जागेवरच होता. त्यानं मोबाईल शेजारी धरला. दोन्ही हुबेहूब.

हातानं ठोकलेली दोन नाणी कधीही एकसारखी नसतात, हे ह्या विद्येतलं पहिलं वाक्य. ठोका वेगळा, चांदीची चकती वेगळी, फाटणं वेगळं. सराफाची टाच तर मुळीच दुसऱ्यांदा त्याच जागी बसायची नाही. दोन नाणी हुबेहूब सारखी दिसली म्हणजे एकावरून साचा घेऊन दुसरं ओतलंय.

"चोरटी जात!" सहादेवचा आवाज चढला. "आईच्या दहाव्याला आली होती गोजरी. तेव्हाच मेणावर ठसा घेतला असणार. आणि आता पोरीच्या नावानं विकायला काढतीय!"

सविता पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं मोबाईल बघितला, देव्हाऱ्याकडे बघितलं. "एक खोटा आहे म्हणता?"

"शंभर टक्के."

"पण कुठला?"

सहादेव तिच्याकडे असा बघत राहिला, जणू तिनं पृथ्वी चौकोनी आहे का असं विचारलं होतं. "अगं बाई," तो म्हणाला, "देव्हाऱ्यातला खोटा असेल का?"

"मी आपलं विचारलं. एकदा काट्यावर तरी ठेवून बघा. आणि वन्संना आधी फोन करा. लग्न तोंडावर आलंय."

फोन? डेपोतल्या साहेबांना फोन करायलाही तो कधी घाबरला नव्हता, पण फोन केला की दुसरं माणूस बोलतं, हा त्यात मोठा दोष. त्यानं देव्हाऱ्यातल्या रुपयाचा फोटो काढला, रुपालीच्या नाण्याशेजारी लावला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "डावीकडचा अस्सल, माझ्या देव्हाऱ्यातला, चार पिढ्यांचा. उजवीकडचा त्यावरून ओतलेला. विकणारी मुलगी माझी सख्खी भाची आहे. नातं असो नाहीतर नसो, खोटं ते खोटं. काष्टीच्या बाजारात बैल घ्यावा, नाणं घेऊ नये. रिजेक्ट!"

ग्रुप नुसता डोक्यावर घेतला लोकांनी. ‘सलाम भाऊ’, ‘असा माणूस पाहिजे’, ‘रक्ताचं नातं बघितलं नाही’. कुणी टाळ्या टाकल्या, कुणी फटाके. सहादेवनं एकेक शाबासकी दोनदा वाचली. त्या संध्याकाळी त्याला जेवण फार गोड लागलं. सविता मात्र ताट वाढून आत निघून गेली.

आता ह्या ग्रुपात पारनेरचाही एक शहाणा होता. लोकांच्या घरात काडी टाकायला असली माणसं सगळीकडे तयारच बसलेली असतात. त्यानं ते सगळं जसंच्या तसं मुलाच्या घरी पोचवलं. मुलाच्या बापानं गोजरबाईला फोन केला. माणूस तसा सभ्य होता, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाला, "बाई, मुलीचा सख्खा मामाच असं लिहितोय. आम्हाला चार लोकांत बसायचं असतं. ह्याचा काय तो उलगडा करा, नाहीतर आम्हाला विचार करावा लागंल."

दुसऱ्या दिवशी गोजरबाई एसटीनं भिंगारात उतरली. दारात चपला काढल्या, पाणी घेतलं नाही, बसली नाही. कमरेची पिशवी सोडली, कापसात गुंडाळलेला रुपया काढला आणि सहादेवसमोरच्या टेबलावर ठेवला.

"तपास," ती म्हणाली.

"त्यात तपासायचं काय? फोटोत दिसतंय."

"फोटू न्हाई. हे तपास. माझ्या पोरीचं लगीन मोडाया लागलंय तुझ्या लिवन्यानं. तुझी हत्यारं आन, आन् माझ्या देखत तपास."

सहादेव हसला. डेपोच्या गेटवर हसायचा तसं, एका नाकपुडीनं. त्यानं चुंबक आणलं, काटा आणला, भिंग आणलं, आणि एखाद्या घाणेरड्या फडक्याला हात लावावा तसा दोन बोटांनी तो रुपया उचलला. चुंबकाला चिकटला नाही. "पितळही चिकटत नाही," तो म्हणाला. काट्यावर ठेवला. अकरा ग्रॅमच्या थोडं पुढं. अंकुशी रुपयाचं असायला हवं तेवढंच. "वजन कुणीही जुळवतं." भिंग डोळ्याला लावलं. खड्डे शोधले. सापडले नाहीत. काठ फिरवून फिरवून बघितला. जोड नव्हता. टाचेच्या कडेला चांदी दबून वर आलेली होती, खरी छिन्नी बसल्यावर येते तशी. अक्षरांच्या कडा बोटाला लागत होत्या. त्याचं हसणं कधी गेलं ते त्याला कळलं नाही. शेवटी त्यानं रुपया शहाबादी फरशीवर टाकला.

खण्ण! आवाज घरभर फिरला आणि देव्हाऱ्यापर्यंत जाऊन थांबला.

"मग?" गोजरबाई म्हणाली. "बोल की. काल लई बोलत हुतास."

"चांदी आहे," सहादेव पुटपुटला. "ठोकून पाडलेला आहे. पण असं होतच नाही. दोन सारखे..."

"आता तुझा आन."

"देवाचा रुपया तराजूत घालायचा नाही. तुला माहीत आहे."

"व्हय? आन् मोबाईलवर घालायचा? जगाला दाखवायचा?"

सविता तोवर देव्हाऱ्यापाशी पोचली होती. तिनं हात जोडले, कुंकू लागलेला रुपया उचलला, पदरानं पुसला आणि नवऱ्याची परवानगी न विचारता काट्यावर ठेवला. आठ आणि वर थोडं. सहादेवनं काटा बंद करून परत चालू केला. तेवढंच. त्यानं भिंग घेतलं. अंकुशाच्या आसपास बारीक बारीक खड्डे होते. टाचेच्या कडा मऊ. घासून घासून उंचवट्यावरचा चांदीचा मुलामा गेलेला, खाली पिवळं दिसत होतं. फाटक्या काठाच्या आत, जिथं कानस पोचत नाही तिथं, साच्याचा जोड तसाच राहिला होता. लिलावात असलं नाणं आलं असतं तर त्यानं काय काय लिहिलं असतं! आंधळ्यालाही दिसलं असतं, असं लिहिलं असतं.

"टाक फरशीवर," गोजरबाई म्हणाली.

त्यानं टाकला नाही. सवितानं टाकला. ठक्क झालं आणि संपलं.

सहादेव बहिणीवरच तापला. तापण्याशिवाय त्याला दुसरं काही येतच नव्हतं. "म्हणजे तूच रुपया बदललास! तू इथं येऊन..."

"तोंड सांभाळ," गोजरबाई म्हणाली. "मी न्हाई, आईनं. रुपालीच्या बारशाला तू आईला चारचौघांत घालून पाडून बोललास, ध्यानात हाय का? आई माघारी इथं आली, रुपया घासायचाय म्हनून बाजारातल्या ओताऱ्याकडं घिऊन गेली. त्याच्याकडून त्यावरनं दुसरा ओतून घेतला, मुलामा दिऊन. तो देव्हाऱ्यात ठिवला आन् खरा मला आनून दिला. मी म्हनलं, आई, दादा नान्यातला न्हाई पर मालातला तरी हाय, वळखंल. तर आई काय म्हनली सांगू?"

सहादेवनं हातातलं भिंग खाली ठेवलं.

"म्हनली, त्यो न्हाई वळखायचा. दुसऱ्याचं समदं उलथंपालथं करून बघतो, आपल्या घरातलं कवा बघत न्हाई. आपलं म्हनलं की त्याला खरंच वाटतं. मरूस्तवर कळायचं न्हाई त्याला."

कंत्राटदारांच्या पिढ्या झाल्या, पण सहादेवला इतकं अचूक कुणी तपासलं नव्हतं. तपासणारी त्याची आई कधी शाळेत गेली नव्हती आणि जन्मभर त्याच्याच घरात बोलणी खाऊन गेली होती. त्याला वाटलं, ओरडावं. पण कुणावर?

"मग विकायला का काढला?" शेवटी एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"रुपालीच्या पायात जोडवी घालायची हायत त्याची. मी म्हनत हुते, वितळवू. पोरगी म्हनली, आई, जुन्या नान्याला लिलावात चांदीच्या वर मिळतं, त्यातनं जोडवी आन् पैंजनबी व्हत्याल. आजीचं समदं पायात राहील. आन् तू तिला चोर केलंस." इथं मात्र गोजरबाईचा आवाज फाटला. तिनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. "आता फोन लाव. आधी पारनेरला. माझ्या देखत."

सहादेवनं आयुष्यात कुणाला ‘माझं चुकलं’ असं म्हटलं नव्हतं. मालाची परत तपासणी झाली तरी तो ‘फेरविचार’ असा शब्द वापरायचा. आताही त्यानं तेच सुरू केलं. "नमस्कार, मी रुपालीचा मामा. त्या नाण्याबाबत फेरतपासणी केली असता असं आढळून आलं की..."

"मराठीत बोल," गोजरबाई म्हणाली.

तो थांबला. फोनच्या पलीकडचा माणूस वाट बघत होता. "माझं चुकलं," सहादेव म्हणाला. "भाचीचा रुपया खरा आहे. मी खोटं लिहिलं. मुलगी सोन्यासारखी आहे, तिच्यात खोट नाही." पलीकडून मुलाचा बाप म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. अहो, आम्ही पण काळजीतच होतो." आणि लगेच हळदीचं विचारू लागला. एवढ्यावर ते मिटलं. माणसं किती सहज मिटवतात, ह्याचं सहादेवला उगाच आश्चर्य वाटलं.

मग ग्रुप. तिथं त्यानं लिहिलं, "कालचा माझा निकाल चुकीचा. उजवीकडचा रुपया अस्सल आहे. बोली लावा." लिहून मोबाईल खाली ठेवतोय तोवर एकाचा प्रश्न आला. हा तोच, ज्याला सहादेवनं मागं चष्म्यावरून झोडपलं होतं: "भाऊ, दोन सारखी म्हणजे एक खोटं, हे तुम्हीच शिकवलंत. मग देव्हाऱ्यातलं काय?"

सहादेव त्या प्रश्नाकडे बघत बसला. त्याला मोबाईल बंद करता आला असता. सविता बघत होती. गोजरबाई आता बसली होती आणि वहिनीनं दिलेलं पाणी पीत होती. त्यानं एका बोटानं लिहिलं, "देव्हाऱ्यातलं ओतीव आहे. आईनं करून घेतलं होतं. मी कधी तपासलं नाही."

हसणारे चेहरे यायला लागले. एक, चार, मग ओळीच्या ओळी. कुणी विचारलं, ‘भाऊ, आजोबांच्या पेटीत सापडलं का?’ कुणी लिहिलं, ‘काठाचा फोटो टाका.’ काल फटाके टाकणारेच सगळ्यात पुढं होते. सहादेवनं एकेक वाचलं. सगळे विनोद त्याचेच होते.

गोजरबाई उठली. रुपया कापसात गुंडाळून कमरेला लावला. दारात चपला घालताना मागं न बघता म्हणाली, "लग्नाला ये. पोरीच्या मागं मामा पायजे, म्हनून बोलावतीय. येळंवर ये. आन् मांडवात कुनाचे दागिने तपासू नको."

ती गेल्यावर सहादेव टेबलापाशी तसाच बसून राहिला. समोर पिवळा पडलेला रुपया. त्यानं तो उचलला, कुलरच्या लंगड्या पायाकडे बघितलं, जिथं पहिलं खोटं नाणं घातलं होतं, आणि वाकणार एवढ्यात सवितानं तो त्याच्या हातातून काढून घेतला. पाण्यानं धुतला, कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात टाकांशेजारी होता तिथंच ठेवला.

"आता तो कशाला तिथं?" सहादेव म्हणाला.

"असू द्या," सविता म्हणाली. "सासूबाईंनी खास तुमच्यासाठी करून घेतलाय."